पट्टी दिसत नाही

पूर एप्रिलातच लिहावा लागतो.
भिडे पुलाखाली जलपर्णी, घोटाभर काळं पाणी,
पात्रात गाड्या लावलेल्या,
आणि मी वारज्यात तिसऱ्या मजल्यावर
एका ओळीत मुठा चढवते आहे:
दीड, पावणेदोन, दोन, सव्वादोन.
मिनिटाला एक आकडा.
चाचणीतला तास अर्ध्या सेकंदात सरतो,
कुणाची चप्पलही भिजत नाही.

नियम साधा.
दोन मीटरच्या वर सलग दहा मिनिटं,
तर घंटा.
पाणी वर गेल्यापासून सातव्या मिनिटानंतर
मी सेन्सर बुडवला.
म्हणजे काय केलं,
तर आकड्याच्या जागी एक आडवी रेघ ठेवली,
मग आणखी एक, मग वीस.

यंत्र भाबडं आहे.
शेवटचं ऐकलेलं पाच मिनिटं खरं धरून बसतं,
'आत्ताच तर होते इथं' म्हणत
रिकाम्या टेबलाकडे बोट दाखवणाऱ्या शिपायासारखं.
दहाव्याला घंटा वाजली. बरोबर.
बाराव्याला थांबली,
आणि सगळ्यांच्या फोनवर हिरव्या अक्षरांत निरोप:
निवळलं.

नदी कुठं निवळली होती?
ती पुलावरून वाहत होती,
मोजणारा तिच्या पोटात होता.

शिळ्या भाकरीला निदान वास येतो.
शिळा आकडा ताज्यासारखाच दिसतो,
तीच दशांशाची टिंबं, तोच टोकदार आलेख,
आणि आम्ही त्या कढीला ऊत आणत राहतो.

मेहजबीन अत्तार शेजारच्या खुर्चीतून म्हणाली,
'रेघ नको. शिळा अशी खूणच टाक,
मालिका संपली हे त्याला तोंडावर सांग.'
टाकली.
आता आठव्या मिनिटालाच मोजणी सुटली,
दहापर्यंत पोचलीच नाही.
घंटा नाही, निरोप नाही,
पडदा इतका शांत
की साहेबांना दाखवला असता तर
शाबासकी मिळाली असती.

धोक्याच्या पातळ्या हव्यात म्हणून
तिनं पाटबंधारे खात्याच्या कपाटातून
एक जुनी वही आणली होती.
बबन पासलकर, पट्टीवाचक.
तासातासाला निळी शाई.
पाणी शून्य तिथं शून्य.
ताप आला त्या दिवशी रकाना कोरा, समासात 'रजा'.
आणि एका रात्री दोनच्या पुढ्यात
आकडा नाही, शून्य नाही, कोरंही नाही:
'पट्टी दिसत नाही. मी आहे.'
तीनला: 'पट्टी दिसत नाही. मी आहे.'
चारला नुसतं 'आहे'.
शाई पसरलेली.

मेहजबीननं पान उलटलं,
परत मागं आणलं.
पाचचा रकाना बघायचं
दोघींनीही टाळलं.

मग मी दुसरा नियम लिहिला.
पाणी किती, हे तो विचारत नाही.
एवढंच विचारतो, कुणी बोलतंय का?
दोन मिनिटं उत्तर नाही, तर घंटा.
सोमवारी बॅटरी बदलायला माणूस उतरेल
तेव्हाही वाजेल.
तक्रार येईल, बैठक बसेल.
वाजू दे.
नियमाला नाव लागतं. 'पट्टी दिसत नाही' ठेवलं,
मेहजबीन काही बोलली नाही.

साडेतीनला सगळ्या चाचण्या हिरव्या.
'नळस्टॉपला पोहे मिळतील आता,' ती म्हणाली.
मी म्हटलं, पुलावरून जाऊ.
'आडवाट आहे,' म्हणाली, आणि गाडी तिकडंच घातली.

कठड्याला बांधलेला एक राखाडी डबा,
कोरड्या पात्राकडे तोंड करून.
मिनिटाला एकदा लाल ठिपका.
चौथ्या ठिपक्यापर्यंत आम्ही उभ्या राहिलो.
मधल्या अंधारात
काहीच कळत नव्हतं.