कणकेएवढी फट

नाना पेठेत, पत्र्याच्या शेडखाली
मार्टिन साळवेनं चौथ्यांदा चाक चढवलं
आणि चौथ्यांदा ते अडलं.
खर्र.
"बाई, डिस्क बसली, कॅलिपर बसला.
आता चाक म्हणतंय, मी नाही बसत."

गाडी चौसष्टची फियाट, फिक्या पिस्त्याच्या रंगाची.
पुढं ड्रम होते तेव्हा ब्रेक म्हणजे सरकारी अर्ज:
आधी द्यायचा, मग वाट बघायची.
उतारावर तापले की अर्ज फेटाळलाच.

जावई म्हणाला, अलॉय घाला, पंधरा इंची,
प्रश्नच मिटेल.
मिटला असता.
पण मला हीच हवी होती,
लोखंडी, काठाशी भोकं असलेली,
मधल्या चकचकीत टोपीत
लहानपणी माझं नाक भोपळ्याएवढं दिसायचं.

मार्टिनला हे समजवावं लागलं नाही.
"चाकाला ग्राइंडर लावायचा नाही," एवढंच म्हणाला,
"कॅलिपर दुकानात मिळतो."
मग थोडं थांबून, "उद्या येताना कणीक आणा.
मळलेली. पोळ्यांना मळता त्याहून घट्ट."

मला वाटलं, थट्टा.
तरी नेली, स्टीलच्या डब्यात, ओल्या फडक्याखाली.
त्यानं हात पुसले (पुसून काय होणार होतं)
आणि बोराएवढ्या गोळ्या करून
कॅलिपरच्या खांद्यावर बसवल्या, ओळीनं.
चाक चढवलं, नट आवळले,
हातानं एकच फेरा दिला, जात्याला देतात तसा सावकाश,
आणि उतरवलं.
गोळ्या चपट्या झालेल्या. व्हर्नियर लावून वाचत गेला:
"इथं चार. इथं तीन. इथं...
इथं काहीच नाही. इथं लोखंड लोखंडाशी बोलतंय."

भवानी पेठेत निसार तांबोळीच्या लेथवर
अ‍ॅल्युमिनियमची चकती फिरत होती.
"सहा मिलिमीटर कशाला? साडेपाच.
चाक उगाच बाहेर आलं तर मडगार्डला चावेल."
शेवटचा हात त्यानं पोस्टकार्डाएवढा घेतला,
आणि लांब स्टड दिले, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून.

उजवं चाक फिरलं, काही न बोलता.
डावं फेऱ्यात एकदाच म्हणालं, खर्र.
एकदाच.
मार्टिन आतून बोट फिरवत होता.
त्याच्या बोटाआधी मला सापडलं.

दिवे घाट, एकोणऐंशी साल, सासवडहून परतताना
पाय पार तळाला गेला नि गाडी तशीच.
दादांनी डावं चाक कठड्याच्या दगडाला घासत नेलं,
घासत, घासत, थांबेपर्यंत.
मागच्या टोपलीतली अंजिरं रस्ताभर.
आई हडपसरपर्यंत एक शब्द बोलली नाही.
हडपसरला म्हणाली,
"मोजली मी. तीन कमी आहेत."

"दोन हातोडे, की सरळ," मार्टिननं हात उचलला होता.
मी अडवलं नाही. अंजिरांचं सांगितलं फक्त.
हातोडा खाली आला, हळू, बाकड्यावर.
तो गाडीला वळसा घालून मागं गेला, वाकला.
"मागं अजून ड्रमच आहेत की.
मागं ह्याला कोण अडवतंय?"

रविवारी घाट उतरलो. मार्टिन शेजारी,
चपला काढून बसलेला, का कोण जाणे.
दुसऱ्या वळणावर कांद्याचा ट्रक आडवा,
मी पाय ठेवला
आणि गाडी थांबली.
अर्ज नाही, वाट नाही. थांबली.

मग वास आला.
मार्टिननं नाक वर केलं. "पॅड?"
पॅडचा नव्हता. ओळखीचा होता, फार ओळखीचा,
घाटात कुठून, तेवढं कळेना.
तो अनवाणीच उतरला, चाकापाशी बसला,
स्क्रू-ड्रायव्हर आत घातला.

"बाई, एक पुसायची राहिली."
टोकावर रुपयाएवढी, खरपूस,
एका बाजूला फुगलेली.
"तूप आणलंय का?"

मी गिअर टाकला, काही बोलले नाही.
हसू आलं ते हडपसरला.