काट्याजवळची भिंत

मालकाने तीन कंपन्यांचे कागद माझ्यापुढे सरकवले.
"चंपतभाऊ, तुमीच पाहा जी. वापरनार तर तुमीच."
बत्तीस वर्षं लाल वही लिहिणाऱ्याला
ती वही बंद करणारा माणूस निवडायला सांगितला.
मी चष्मा पुसला. लगेच पुसून झाला.
पुन्हा पुसला.

पुण्याचे आले ते पडद्यावर.
त्यांच्या मागे खोटं झाड, आमच्या मागे कोंड्याचा ढीग.
"एका क्लिकवर अख्खी राईस मिल," म्हणाले.
मी म्हटलं, लाईन गेली तर?
तेवढ्यात गेली.

नागपूरचे गाडी घेऊन आले. चौघे. पांढरे बूट.
पांढऱ्या बुटांनी उसन्याच्या हौदाजवळ जाऊ नये
हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं,
मीही नाही सांगितलं.
कोटेशन मात्र गुळगुळीत, कडेला सोनेरी रेघ.
किती दिवसांत? "होईल, सर."
ओलं धान? "होईल." हमालांची तोलाई? "होईल."
इतकं 'होईल' मी फक्त सोयरीक जुळवताना ऐकलं आहे.

खरं सांगतो, टिक मी त्यांच्याच नावापुढे केली होती.
बसवतील दिवाळीला, बंद पडेल होळीला,
आणि मालक म्हणेल,
चंपतभाऊ, काढा जी ते लाल वही.

तिसरी पवनीची. प्रांजली गभणे.
भंडाऱ्यात मोबाईलच्या दुकानावर ऑफिस,
माणसं अडीच;
अर्धा म्हणजे भाऊ, कॉलेज सुटल्यावर येतो. तिनेच सांगितलं.
दाखवायला काही आणलं नव्हतं.
म्हणाली, दोन दिवस काट्यावर बसू देता का?

बसली. स्टुलावर, नाकाला ओढणी.
ट्रॅक्टर आला की उठायची, मुठीत धान घेऊन बघायची,
शालिक मुकद्दमाला विचारायची, हा कट्टा वेगळा का ठेवला?
आणि शालिक, जो बायकोलाही अर्धंच सांगतो,
तिला सगळं सांगायचा.
दुसऱ्या दिवशी दुपारी माझी वही ओढून
एका आकड्यावर बोट ठेवलं.
"काका, हा गोल कशाचा?"

बत्तीस वर्षांत कोणी विचारलं नव्हतं.

ओल्या धानाला क्विंटलमागे दोन किलो घट कापतो आम्ही.
पण कधी धान ओलं नसतं, नुसतं धुकं असतं,
आणि मालक मागे उभा असतो.
कापतो. आकड्याभोवती गोल काढतो.
फागुनात, मालक लग्नांना गेला की
तेवढा तांदूळ गुपचूप परत.
चोरी नाही ती.
दिसते मात्र चोरीसारखीच.

"याला रकाना करता येईल," ती म्हणाली,
"पण लपवलेला नाही करणार. मालकाला दिसेल असा.
तुम्ही बोला त्यांच्याशी. नाही बोललात
तर जागा रिकामी सोडीन,
आणि रिकामी सोडली असं लिहून देईन.
अन् दिवाळीच्या धानाला हे जमणार नाही.
उन्हाळी धानापासून धरा."

लोक 'होईल' म्हणून गेले होते तिथे
तिने एका दमात इतके 'नाही' ठेवले.
मला राग आला. मग भूक गेली.

सकाळी वही मालकापुढे उघडी टाकली, गोलांसकट.
तो बराच वेळ पंख्याकडे बघत होता.
पंखा बंद होता.
मग पान उलटलं, एका गोलावर थांबला,
नाव पुटपुटला. ऐकू आलं नाही मला.
"त्या पोरीले फोन लावा," म्हणाला.

काट्याजवळच्या भिंतीवर कोळशानं नंबर आहेत:
बेल्टवाला, मोटार बांधणारा, साप पकडणारा नानू.
रात्री दोनला उचलतात त्यांचेच.
सोनेरी रेघेचं कार्ड खणात पडलं आहे, किल्ल्यांखाली.
तिचा नंबर मी नानूच्या खाली लिहिला.
शेवटचा आकडा एक की सात, नीट उमटला नाही,
म्हणून रात्री लावून पाहिला.

"बोला काका," ती म्हणाली.
"लाईन गेली का?"