दिव्याकडच्या चार ओळी

मुंबई उपनगराला कृषी सहायक असतो
हे ऐकून लोक हसतात. पहिल्या महिन्यात मीही हसलो होतो.
पिशवीत फळमाशीचे सापळे, बियाण्यांची माहितीपत्रकं
आणि आरेतल्या पाड्यांची यादी, निम्मी चुकीची.

बायजी पागींचं भात नऊ गुंठे.
सातबारा नाही, म्हणून आमच्या नोंदीत त्या लाभार्थी नाहीत,
फक्त उपस्थित.
सापळ्यांनी शिराळी वाचली, एवढं मान्य करतात.
बियाण्याचं मात्र तोंडावर सांगतात :
"तुमच्या भाताला वास नाय. डुकरांनी पन हुंगून सोडला."
यंदा त्यांनी घरचंच जुनं पेरलं.

ऑक्टोबरात मला बांधावर उभं केलं.
सगळं शेत निसवलेलं,
कुंपणाकडच्या चार ओळी तेवढ्या हिरव्यागार,
पोटरीचं नाव नाही.
मी पान उलटलं, खोड चिरलं,
करपा नाही, खोडकिडा नाही.
युरिया जास्त पडला का, विचारलं.
"रातच्याला या," म्हणाल्या.

रात्री गेलो.
कुंपणापलीकडे बांधकामावरचा दिवा,
इतका पांढरा
की भाताच्या पात्यांच्या सावल्या पडल्या होत्या
चिखलात, दुपारसारख्या.
"ह्यांची सांज झालीच नाय," बायजी म्हणाल्या.

फॉर्मवर रकाने : कीड. रोग. अन्नद्रव्य. तण.
उजेड कशात घालू?
कर्जतला फोन लावला. तिकडचे साहेब बराच वेळ गप्प,
मग म्हणाले, बरोबर आहे,
जुन्या वाणाला लांब रात्र लागते.
उपाय?
दिवा घालवा.
जणू दिवा आमच्या खात्याचा होता.

ठेकेदाराने पत्राची पोच दिली. नुसती पोच.
ती घडी घालत होतो तेव्हा
गेटवरच्या रामसुमेरने विचारलं, काय भानगड?
सांगितली. तो हसला नाही.
गावी त्याचं दीड बिघा धान आहे, भाऊ बघतो.
नऊनंतर तिकडे कोणी नसतं, एवढंच बोलला
आणि बांबू घेऊन
दिव्याची मान वळते का ते चाचपू लागला.

शेत कापून झालं, झोडून झालं,
तेव्हा कुठे त्या चार ओळींनी लोंब्या काढल्या.
निम्म्या पोचट.
बायजींनी त्याही कापल्या, वेगळ्या बांधल्या.

मासिक अहवालात 'शिफारस' पुढे मी लिहिलं :
दिवा दुसरीकडे वळवणे.
वरून विचारणा आली :
मात्रा प्रति हेक्टरी किती?