तीन चिमण्या, एक तार

ग्वाल्हेरच्या जानेवारीत
तीन-तीन दिवस दोरीवर लोंबायचे कपडे.
धुकं दुपारपर्यंत हलायचं नाही.
लश्करातल्या आमच्या गल्लीत
गच्चीगच्चीवर बिनडोक्याची माणसं
हात पसरून थिजलेली.
आई म्हणायची, "वाळले नाहीत, पण दमलेत. आण खाली."

मग इस्त्री. कोळशाची,
झाकणाच्या खटक्यावर पितळी कोंबडा.
तिच्या पोटात निखारे भरायचं काम माझं.
मी नऊ वर्षांची, चिमटा माझ्या कोपराएवढा.
राख उडू द्यायची नाही.
एकदा उडाली.
बाळूच्या गणवेशावरचा तो करडा ठिपका
मला अजून दिसतो,
बाळूला आठवतही नाही.

ओला झगा इस्त्रीखाली सुस्कारे टाकायचा.
वाफेला वास नीळ आणि पेजेचा,
आणि जळण्याच्या जरा अलीकडचा.
तसाच गरम अंगात घालायचा,
बटणं पोटाला चटके द्यायची
आणि त्या उबेवर मी शाळेच्या फाटकापर्यंत पोचायचे.
पुढे थंडी.

नानांचे सदरे, पलंगपोस मात्र छिद्दीलालकडे.
गुरुवारी तो गाठोडं सोडायचा,
आई वहीत लिहायची: पायजमे चार, सदरे तीन,
रुमाल... "रुमाल राहू दे, ते हरवतातच."
छिद्दीला अक्षर येत नव्हतं.
बिब्ब्याच्या खुणेवरून तो अख्खं लश्कर वाचायचा.
आमची खूण, एका रेघेवर तीन टिंबं.
"आपका घर तो बाईजी, तीन चिरैया, एक तार."

एका गुरुवारी नानांचा सदरा आलाच नाही.
आला भलताच, फिकट हिरव्या रेघांचा,
कॉलरीच्या आत फुली, शेजारी एक टिंब.
छिद्दीने कानाची पाळी धरली,
"बदल गया. अगले हफ्ते पक्का."
कितीतरी अगले हफ्ते आले, गेले.
सदरे तीनच. नाना तोच घालून ट्रेझरीत गेले.
संध्याकाळी म्हणाले,
दिवसभर खांदे उसने आणल्यासारखे वाटले.

आणि फाल्गुनात, बाड्यावर,
हातात मेथीची जुडी,
नानांनी स्वतःचा सदरा समोरून येताना पाहिला.
आत एक उंच गृहस्थ. चष्मा. मुलीची सायकल ढकलत.
दोघं थांबले.
गृहस्थांची नजर हिरव्या रेघांवर आली, तिथेच राहिली.
"नमस्कार."
"नमस्कार. ऊन वाढलं."
"हो, वाढलं खरं."
झालं.

"अहो, मागायचा ना!" आईने कपाळावर हात मारला.
नाना भात कालवत म्हणाले,
"त्यांच्या अंगावर जास्त बरा दिसत होता."
आणि मग, ताक ओतता ओतता,
"इस्त्री काय सुंदर होती गं. बाहीची घडी तर..."

आई काही बोलली नाही.
पण त्या दिवसापासून हिरवा सदरा
छिद्दीकडे गेला नाही.
पेज दोनदा गाळलेली. पाणी चुळीएवढं,
बोटांनी शिंपडून, गुंडाळून, तासभर मुरवून.
घडी अशी, की तिने कांदा चिरावा.
लश्करातल्या कुठल्याशा बाईशी,
जिचं नाव माहीत नाही, तोंड पाहिलं नाही,
आईची चुरस लागली होती.
ती बावीस वर्षं चालली.
नाना मधल्यामध्ये कडक सदऱ्यात
मान न वळवता हिंडत होते.

नाना गेल्यावर कपडे वाटले. हा मी ठेवला.
हिरवा रंग कधीच गेला,
फुली आणि टिंब तसंच, काळंभोर.
बिब्बा कापडाच्या आधी मरत नाही.

आता थाटीपूरच्या फ्लॅटमध्ये विजेची इस्त्री आहे.
वर्षातून एकदा हा सदरा काढते,
कोणी घालणार नसतं.
बाहीपाशी आले की हात आपोआप सावकाश होतो.
पलीकडची बाई बघत असेल, असं वाटतं.

आज पाठ झाली, कॉलर झाली
आणि दिवे गेले.
इस्त्री अजून गरम आहे.
एक बाही निघेल.