सिकमध्ये

महाप्याच्या ऑफिसात मी इतरांच्या रजा मोजते,
तोच माझा पगार.
सोमवारी नऊ वाजून चार मिनिटांनी
अन्विताचा निरोप पडतो, घसा खवखवतोय.
मी बटण दाबते, चौकोन हिरवा होतो,
'लवकर बरी हो' हे आपोआप जातं,
मला तेवढंही लिहावं लागत नाही.
वर्षाला बारा. उरलेल्या मार्चअखेर वाया जातात,
म्हणून फेब्रुवारीत आमच्याकडे
साथ येते.

माझ्या नवऱ्याच्या ठाण्यात
आजाराला क्रियापदच वेगळं.
तिथे माणूस आजारी पडत नाही,
'सिकमध्ये जातो'.
जणू ते खाडीपलीकडचं एखादं गाव,
दिवसातून एक बस,
आणि वाहक दारातूनच सांगतो, जागा नाही.

सप्टेंबरात रंगनाथला एकशे दोन ताप होता.
कोपरखैरण्याच्या धारण तलावावर विसर्जनाचा बंदोबस्त.
नको जाऊस, मी म्हटलं.
तो बुटाची नाडी बांधत म्हणाला,
साहेब एवढंच विचारतात,
घोलप, तू आजारी आहेस
की बंदोबस्ताच्या तारखेला आजारी आहेस?
मला ऑफिसात हा प्रश्न कधी सुचला नव्हता.
दुसऱ्या दिवशी पहाटे चारला आला. मोजे काढले
तरी पाऊल बुटाच्याच आकाराचं होतं.
गुलाल कानामागे, गोळी खिशात तशीच,
तिला पाणी मिळालं नव्हतं.

डिसेंबरात मैथिलीची खो-खोची फायनल,
ऐरोलीच्या मैदानावर.
त्याने किरकोळ रजेचा अर्ज तीनदा दिला,
तीनदा परत आला, लाल शाईत
'मनुष्यबळ कमी'.
चौथ्यांदा त्याने अर्ज दिला नाही,
पोट धरलं.
वाशीच्या डॉक्टरांनी न विचारता दोन दिवस लिहिले.
त्यांच्याकडे असली पोटं बरीच येत असावीत.
इतका धडधाकट मी त्याला लग्नातही पाहिला नव्हता.
मंकी कॅप घालून शेवटच्या रांगेत बसला,
टाळी वाजवली नाही,
फोटोवाला वळला की हात
आपसूक पोटावर.
पोरीने शेवटच्या मिनिटाला खांबाशी सूर मारून गडी टिपला
तेव्हा मात्र तो उभा राहिला,
आणि लगेच वाकला,
कळ आल्यासारखा.

खालच्या मजल्यावर शेलारकाका राहतात,
कांदा-बटाटा मार्केटात माथाडी.
त्यांना विचारलं, तुमचं कसं असतं हो?
हसले. पाठ धरली की त्या दिवसाची वाराई गेली,
टोळीत माझ्या जागी पुतण्या उभा राहतो,
झालं.
नाटक करायचं तर कुणासमोर, पोरी?

मार्चात सगळे झोपल्यावर
सवयीने मी तक्ता मांडला.
अन्विता अकरा.
शेलारकाका, हा रकानाच नाही.
रंगनाथ दोन.
आमच्या भाषेत याला उत्तम म्हणतात,
अशा माणसाला आम्ही वर्षाअखेर
चहाचा मग देतो.
दोन. आणि ते दोन्ही दिवस
तो ठणठणीत होता.
तापाचे, उलट्यांचे, त्या एका रात्री
छातीत काहीतरी सरकल्याचे दिवस
हजेरीत 'कर्तव्यावर' म्हणून बसलेत,
पट्टा आवळून.
मी तक्ता साठवला नाही. पुसलाही नाही.
लॅपटॉप तसाच मिटला.

आज पुन्हा अंग तापलंय त्याचं.
चहात पाव बुडवून धरलाय, खात नाही.
मैथिली दप्तर भरता भरता विचारते,
बाबा, एप्रिलमध्ये आमची टीम सांगलीला जाणारे,
तेव्हा पण आजारी पडाल ना?

पाव तुटून कपात पडतो.
बघू, तो म्हणतो,
तब्येत बरी असली तर.