फेटल

कीथलीत हा शब्द मला दारातच आडवा आला,
पाय पुसायच्या आधी.
“काय फेटल?” एनिड होल्रॉइडनं विचारलं.
वय एक्याऐंशी, घोट्यावर न भरणारी जखम.
मी नवी नर्स, हातात मलमपट्ट्यांची पेटी.
म्हणाले, “नको, चहा पिऊनच निघालेय.”
ती इतकी हसली की पट्टी सुटली.

केटल नव्हे गं, फेटल.
म्हणजे कशी आहेस.
म्हणजे अंगात आज जोर किती,
कोळशाची बादली उचलण्याइतका
की नुसता ती बघण्याइतका.

शुक्रवारी मात्र हाच शब्द पदर खोचून उभा राही.
शुक्रवार फेटलायचा:
पायरी घासायची, कडी उजळायची,
चुलीच्या जाळीतली राख काढून
ती शेजारच्या राखेपेक्षा कमी आहे का, पाहायचं.

क्लिफर्ड, तिचा नवरा, ओतशाळेत फेटलर.
वाळूचे दोन अर्धे साचे मिटतात
तिथून लोखंड जरा डोकावतंच.
ती शिवण, ती कुसळं
घासून काढायची, एकतीस वर्षं.
पंप गुळगुळीत झाले, छाती खरबरीत.
शेवटी शेवटी जिना चढताना
तो मधल्या पायरीवर थांबून
भिंतीवरचं चित्र बघितल्यासारखं करायचा.
तिथं चित्र नव्हतं.

भाऊ विल्फ ओतशाळा नको म्हणून ऑस्ट्रेलियाला गेला.
चार महिन्यांनी पत्र: “आई, मी इथं फेटलर आहे.”
आई रडायला बसली.
एवढा समुद्र ओलांडून पुन्हा तेच?
तिकडं रूळ सारखे करणाऱ्याला फेटलर म्हणतात
हे कळेतो दुसरं पत्र आलं,
त्यात लाल मातीचा एक चिमटा
आणि झाडाबद्दल एक ओळ: नाही.

“आणि बाप पिऊन आला की,” एनिड म्हणाली,
“थांब, तुला फेटलतो.”
मी पट्टी गुंडाळत होते.
म्हटलं, आमच्याकडं ‘नीट’ असाच आहे.
जखम नीट होते, भांग नीट पाडतात, घड्याळ नीट चालतं,
आणि “थांब, तुला नीट करतो” म्हटलं
की मूल पलंगाखाली.
ती म्हणाली, “पलंगाखाली आमच्या ट्रंका होत्या.”

वाचनालयातल्या जाड कोशात मी मूळ शोधलं.
जुनं, हजारभर वर्षांचं: कमरेचा पट्टा.
कंबर कसणं, तयार होणं, तिथून सगळं फुटलेलं.
मी हौसेनं सांगायला गेले.
“पट्टा होय,” ती म्हणाली. “तो माझ्या ओळखीचा आहे.”
आणि बिस्किटांचा डबा पुढं सरकवला.

दार अडवायला एक लोखंडी ससा होता.
क्लिफर्डनं उरलेल्या लोखंडातून ओतला, लग्नाच्या आधी.
नाकापासून शेपटीपर्यंत शिवण तशीच,
बोटाला लागेल अशी.
“याची का नाही काढली?”
“मीही विचारलं होतं.
म्हणाला, घरी पण?”

जानेवारीत दार डोरीन क्लफनं उघडलं, शेजारीण.
सशाला पायानं बाजूला सारत म्हणाली,
“ये. फेटलून ठेवलंय तिला.”
केस विंचरलेले, कवळी बसवलेली,
स्वेटरची बटणं गळ्यापर्यंत,
चष्मा पुसून हातात.
घोट्याची पट्टीसुद्धा तिनंच बदलली होती,
कशाला कोण जाणे,
आणि उलटी बांधली होती, गाठ जखमेवर.

सवयीनं माझा हात पुढं गेला.
मग मी पेटी बंद केली.
डोरीननं विचारलं, “काय फेटल?”
आणि मला एवढंच आठवलं
की चहा मी पिऊन आले नव्हते.