नऊशे ऐंशी

टेंभुरडोहच्या धावपट्टीवर फक्की मारायचं काम माझं,
आणि तीन काट्यांच्या घड्याळाचंही.
उंचीचं घड्याळ. ते वेळ सांगत नाही,
वेळ किती उरली तेवढं सांगतं.

जेट माझ्याहून सात वर्षांनी मोठं.
नाक लाकडाचं, गोंदानं चिकटवलेलं,
हात फिरवला की देवळीच्या सुताराची आठवण यायची.
थ्रॉटल पुढे ढकलून वाट पाहायची:
इंजिन सात मोजेपर्यंत विचार करतं,
बसल्या बैलाला ऊठ म्हटल्यासारखं,
आधी मागचं, मग पुढचं.

सरंजामे साहेबांनी एकदा धुळीत काडीनं लूप काढून दाखवला.
"उन्हात हा भाकरीसारखा फुगतो, सोनटक्के. हवा पातळ.
माथ्यावर, पालथं असताना, एकदाच काट्याकडे पाहायचं.
साडेतीन हजार असेल तर ओढायचं.
नसेल तर कूस बदलून सरळ निघून जायचं.
त्यात लाज नाही."
मग काडी फेकली आणि चहा मागितला.

मार्चची सतरा तारीख, दुपारचे तीन.
पल्याडच्या वावरात पऱ्हाट्या अजून उपटायच्या होत्या.
साहेब थेट सोनेगावहून आले, इथं न उतरता.
तिथून निघताना काटे समुद्राच्या हिशेबानं लावलेले असतात.
वाटेत एक बटण फिरवायचं,
अंगठ्याचं काम,
की शून्य आमच्या मातीवर येतं.

टेंभुरडोहात समुद्र पाहिलेला माणूस एकच,
दिगांबर मेश्राम, तोही ट्रकच्या काचेतून.

जेट वर गेलं, पालथं झालं,
उन्हात अडकल्यासारखं थबकलं.
काटा मला कुठून दिसणार?
पण जितकं बारीक दिसायला हवं होतं
तितकं ते बारीक नव्हतं.
मी म्हणत होतो, कूस. कूस बदला ना जी.

ओढलं.

नाक वर आलं, अंग मात्र खालीच येत राहिलं,
आणि इंजिन विचार करत होतं,
चार, पाच, सहा.
पऱ्हाट्यांची एक अख्खी तास आडवी झाली,
राहिलेला कापूस हवेत,
आणि त्यातून ते निघालं, पोट घासत, निघालं.

पोट्टे नाचले. "काय आणलं बे खाली!"
सरपंचबाईंनी शाल आधीच उलगडून ठेवली होती.

शिडी लावली तेव्हा साहेबांचे हात मांडीवर होते,
पट्टे तसेच.
"सोनटक्के, जमीन किती उंच आहे इथे?"
"नऊशे ऐंशी फूट, साहेब."
मी आत वाकून पाहिलं.
जमिनीवर उभ्या जेटचे काटे
नऊशे ऐंशीवर.
माझा अंगठा बटणाकडे गेलाच होता,
त्यांनी मनगट धरलं.
"राहू दे. लिही."
मग वही माझ्याकडून घेऊन स्वतःच लिहिलं: चूक वैमानिकाची.
अक्षर थरथरलेलं, पण वाचता येणारं.
खाली उतरून शाल घेतली, नारळ घेतला,
टाळ्या वाजत होत्या त्या बाजूला पाहिलं नाही.

त्यांच्या सांगण्यावरून पट्टीच्या टोकाला
मी फक्कीनं तो आकडा काढला, पुरुषभर उंचीचा.
दर पावसानंतर पुन्हा काढतो.
जेट आता येत नाही.
तिथं क्रिकेट चालतं, आणि नवीन आलेलं पोट्टं विचारतं,
हा स्कोअर कोणाचा, काका?
मी सांगायला लागतो.
तोवर त्याची बॅटिंग येते.